‘ऑफन’ म्हणजे नेमकं किती वेळा?

इंग्रजी व्याकरणाच्या अनेक पुस्तकांत एक तक्ता असतो. वर ऑलवेज, त्यासमोर १०० टक्के. खाली युज्वली ९०, ऑफन ७०, समटाइम्स ५०, रेअरली १० आणि तळाला नेव्हर, म्हणजे शून्य. मधले आकडे पुस्तकागणिक बदलतात, पण मांडणी हीच. शाळेत शब्दांची उतरंड लक्षात ठेवायला तक्ता उत्तम आहे. गडबड होते ती तोच तक्ता डोक्यात ठेवून तुम्ही संशोधनाची प्रश्नावली बनवता तेव्हा.

आधी तक्त्यातलं काय टिकतं ते बघू. रे सिम्पसन यांनी १९४४ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, की असा एकेक शब्द म्हणजे १०० पैकी किती वेळा? १९६८ मध्ये मिल्टन हॅकेल यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. शब्दांचा क्रम आणि मध्यक दोन्ही वेळा बरेच जुळले. पण एकाच शब्दाला वेगवेगळ्या लोकांनी दिलेले आकडे खूपच पसरलेले होते. म्हणजे क्रमावर भरवसा ठेवा, टक्का मात्र ज्याचा त्याचा. तक्ता लपवतो तो नेमका हा पसारा.

शिवाय आकडा गोष्टीवरही ठरतो. एखादी बाई ‘ऑफन’ चहा घेते म्हटलं, तर दिवसातून चारदा घेत असेल. ‘ऑफन’ दवाखान्यात जाते म्हटलं, तर महिन्यातून दोनदाही पुरे. शब्द तोच, हिशोब वेगळा.

प्रश्नावली मराठीत आणताना अजून एक खड्डा लागतो. ‘मी नेहमी लोकलने जातो’ म्हणणारा एखाद्या दिवशी बसने गेला, तर आपण त्याला खोटं पाडत नाही. त्याचं ‘नेहमी’ इंग्रजीत युज्वलीच्या जवळ जातं. तुम्ही ऑलवेजला ‘नेहमी’ लिहिलंत, तर युज्वलीवाले लोकही तिथेच खूण करू शकतात. आणि युज्वलीसाठी ‘सहसा’? तो शब्द आपल्याकडे जास्त करून नकाराबरोबर येतो: ‘मी सहसा बाहेर खात नाही’. नुसता पर्याय म्हणून तो वाचणाऱ्याला अडखळवतो.

मग आपण काय करतो? नेव्हरला ०, ऑलवेजला ४ देतो आणि सरासरी काढतो २.६. ही २.६ कशाची? दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखं आहे, हे आपण गृहीत धरलेलं असतं; उत्तर देणाऱ्याने तसं काही सांगितलेलं नसतं.

निष्कर्ष लिहितानाही जपा. ‘रुग्ण ऑफन गोळी विसरतात’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: बरेच रुग्ण विसरतात, किंवा प्रत्येक रुग्ण बरेचदा विसरतो. अशी क्रियाविशेषणं फक्त वेळा मोजत नाहीत, प्रकरणंही मोजतात, हे डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९७५ च्या निबंधात दाखवलं. पहिल्या अर्थाने सगळ्यांना माहिती द्यावी लागेल, दुसऱ्या अर्थाने प्रत्येकाच्या दिनक्रमात शिरावं लागेल. उपायच बदलतो.

यातून वाट आहे, आणि ती सोपी आहे. नैराश्याची लक्षणं तपासणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली बघा. ती गेल्या २ आठवड्यांबद्दल विचारते आणि पर्याय देते: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. ‘काही दिवस’ थोडं सैल आहे, पण मुदत ठरलेली आहे आणि एकक दिवस आहे. तुम्हीही आधी मुदत ठरवा, मग आकडा विचारा: ‘गेल्या ७ दिवसांत किती दिवस?’ जिथे आठवून आकडा सांगणं शक्यच नाही, तिथे शब्द वापरा. पण मग विश्लेषणही क्रमापुरतंच ठेवा.

तुमच्या मसुद्यात ‘ऑफन’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: कोणात, किती काळात, किती वेळा? तिन्हींची उत्तरं वाक्यात किंवा शेजारच्या कोष्टकात सापडली, तर तो शब्द खुशाल राहू द्या.