शाळेच्या सभागृहातले नाटक

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे नाटककारापासून आरंभ करतात, दिग्दर्शकापाशी रेंगाळतात आणि नटाचे कौतुक करून मोकळे होतात. ‘आविष्कार’ या मुंबईच्या संस्थेवर जे लिहिले जाते तेही बहुधा याच वळणाचे. मला मात्र तिच्या इतिहासात आधी एक शाळा दिसते. मी मास्तर आहे. वाचकांनी एवढे समजून घ्यावे.

१९६० साली निघालेली ‘रंगायन’ दहा-अकरा वर्षांत दुभंगली आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ काढली. पहिले नाटक घेतले ते कर्नाडांचे ‘तुघलक’! खिशात दमडी नसलेल्या संस्थेने सुलतानाच्या दरबाराला हात घालावा, हे धाडस की अविचार, हे मी ठरवू शकत नाही. पण संस्थेचा खरा स्वभाव घडला तो त्यानंतर, १९७४ साली दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह मिळाले तेव्हा. सुलभाबाई याच शाळेत शिक्षिका होत्या, ही गोष्ट टीकाकार एका वाक्यात उरकतात. मला ती मुळाशी आहे असे वाटते. शाळेचे सभागृह संध्याकाळी मागायला गेलेल्या कोणालाही ठाऊक असते की परवानगी मुख्याध्यापक देतात, पण दिवा लावणे-विझवणे शिपायाच्या हाती असते. आतला माणूस असल्याशिवाय हे वर्षानुवर्षे निभत नाही.

तिथे पुढे १९९२ पर्यंत जे घडले त्याला ‘छबिलदास चळवळ’ असे नाव पडले. नाव मोठे आहे. प्रत्यक्षात ती एक सोय होती, आणि त्यातच तिचे मोल होते. ‘आविष्कार’ने ती जागा आपल्यापुरती ठेवली नाही. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचे ‘जुलूस’ तिथे केले. इतर संस्थाही आल्या. पडदा, विंग, उंच रंगमंच यांवाचून नाटक उभे करायचे, तर लेखकाला शब्द आणि नटाला शरीर यांवरच भिस्त ठेवावी लागते. आपण ज्याला ‘प्रायोगिक शैली’ म्हणून गौरवतो, त्यातला मोठा वाटा या गरिबीचा आहे. सगळाच मात्र नव्हे. नुसत्या गरिबीतून नाटक होत असते तर आमच्या तालुक्यात रोज झाले असते.

अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले. छबिलदास सुटल्यावर संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली, म्हणजे पुन्हा शाळाच. दोन वर्षांनी, १९९४ साली, तिने एलकुंचवारांची वाडा-त्रयी सलग उभी केली. नऊ तासांच्या आसपासचा तो खेळ! धंदेवाईक निर्मात्याने हिशेब मांडताच हात जोडले असते. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी औरंगाबादच्या ‘जिगीषा’तून पुढे आलेले. मराठवाड्याचा माणूस मुंबईला गेला तेव्हा त्याला ही संस्था हाताशी मिळाली. उलट दिशेने मात्र फारसे काही आले नाही. धर्माबादसारख्या, अर्धे कान तेलुगूकडे असलेल्या गावात ही नाटके आम्ही पाहिली नाहीत, पुस्तकांत वाचली. माझी ‘आविष्कार’बद्दलची तक्रार असेल तर ती एवढीच आहे, आणि ती एकट्या ‘आविष्कार’वर टाकणे न्यायाचे नाही. सभागृह असलेल्या शाळा आमच्याकडेही आहेत.

सुलभाबाई २०१६ मध्ये आणि काकडे २०१९ मध्ये गेले. काकडे पंढरपूरच्या २०१४ च्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. पण त्यांचे खरे काम तारखा मिळवण्याचे, भाडे भरण्याचे, तालमीला माणसे गोळा करण्याचे होते. समीक्षेला या कामासाठी अजून शब्द सापडलेला नाही. छबिलदासच्या त्या अठरा वर्षांचे जमाखर्चाचे कागद कोणाच्या कपाटात असतील, तर ते नाटकांच्या संहितांइतक्याच काळजीने छापावेत.