साक्ष आणि संहिता : हिप-हॉपच्या वाचनातील एक पेच

हिप-हॉपचा उगम सांगताना एक तारीख आणि एक पत्ता देण्याचा प्रघात आहे : ११ ऑगस्ट १९७३, १५२० सेजविक ॲव्हेन्यू, ब्राँक्स, न्यूयॉर्क. सिंडी कँपबेल या मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून इमारतीतील सामाईक दालनात प्रवेशशुल्क लावून नाचगाण्याचा कार्यक्रम योजला आणि तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच 'डीजे कूल हर्क', याने तबकड्या वाजविल्या. कलाप्रकाराला जन्मतारीख असणे इतिहासकाराच्या सोयीचे खरे. परंतु हर्कने त्या काळात जे तंत्र घडविले ते 'मूळ' या संकल्पनेलाच सुरुंग लावणारे होते. गाणे थांबून केवळ तालवाद्ये उरतात त्या तुकड्याची नाचणारे वाट पाहतात, हे त्याने हेरले. आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो काही सेकंदांचा तुकडा आलटून पालटून मिनिटामिनिटांपर्यंत लांबविला. विकत घेतलेली, पूर्ण झालेली कृती येथे कच्चा माल ठरली आणि श्रोता निर्माता झाला. लेखकाच्या मृत्यूची वार्ता रोलाँ बार्त यांनी १९६७ मध्येच दिली होती. ब्राँक्समधील पोरांनी ती वाचली असण्याचे काही कारण नाही.

या निर्मितीमागील सामाजिक वास्तव सुपरिचित आहे. वस्त्या चिरत गेलेला क्रॉस-ब्राँक्स महामार्ग, जळणाऱ्या इमारती, १९७५ चे महानगराचे आर्थिक अरिष्ट यांचा उल्लेख प्रत्येक ग्रंथात येतो आणि तो आवश्यकही आहे. मात्र दारिद्र्याने हिप-हॉप निर्माण केले, असे म्हणताच त्यातील परंपरा अदृश्य होते. हर्क १९६७ मध्ये किंग्स्टनहून आला होता. जमैकातील रस्त्यावरच्या ध्वनियंत्रणा आणि तबकडीवर बोलत राहणारा निवेदक त्याने बालपणीच पाहिला होता. कृष्णवर्णीय अमेरिकेत परस्परांची यमकबद्ध निर्भर्त्सना करण्याचा खेळ आणि अतिशयोक्त पराक्रमाची दीर्घ कथनगीते जुनीच होती. या मौखिक परंपरेत 'मी' हा बहुधा मुखवटा असतो. हेन्री लुई गेट्स यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात याच वक्रोक्तीतून एक साहित्यसिद्धांत उभा केला.

हा 'मी' विसरला की वाचन कसे चुकते, याचे उदाहरण म्हणून १९८२ चे 'द मेसेज' हे गीत घ्यावे. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह या गटाच्या नावावर प्रसिद्ध झालेले हे गीत वस्तीच्या वेदनेचा थेट उद्गार म्हणून गौरविले जाते. प्रत्यक्षात त्याचा बहुतांश भाग लिहिला तो ध्वनिमुद्रण कंपनीच्या वाद्यवृंदातील एड फ्लेचर याने. तो न्यू जर्सीत वाढलेला आणि महाविद्यालयात शिकलेला होता. गट हे गीत करण्यास राजी नव्हता. नाचायला येणाऱ्यांना असले काही नको असते, ही त्यांची भीती. गटापैकी प्रामुख्याने मेली मेल याचाच आवाज त्यात आहे आणि त्याचे अखेरचे, सर्वांत हृदयद्रावक मानले जाणारे कडवे १९७९ च्या एका धमाल गीतात आधीच येऊन गेले होते. यामुळे गीत खोटे ठरत नाही. ते रचलेले आहे, एवढेच सिद्ध होते. आणि करुणेची प्रतीती येते ती त्या रचनेतूनच. मराठीत दलित कवितेची समीक्षा दीर्घकाळ अनुभवाच्या अस्सलतेपाशी घुटमळली आणि तिच्या घडणीकडे उशिरा वळली. त्यामुळे मराठी अभ्यासकाला हा पेच अनोळखी वाटू नये.

हा केवळ समीक्षकांचा प्रमाद असता तर त्याची फार फिकीर करण्याचे कारण नव्हते. परंतु अमेरिकेतील न्यायालयांत आरोपीची रॅपगीते वर्षानुवर्षे पुरावा म्हणून वाचली गेली आहेत. कंट्री संगीतातील खुनी निवेदकाला कोणी कबुलीजबाब देणारा मानत नाही. काळ्या तरुणाच्या 'मी'ला मात्र ही सवलत नाही. कल्पिताचा अधिकारच येथे वर्णावर अवलंबून राहतो. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून, अशी अभिव्यक्ती स्वीकारण्यापूर्वी तिचे पुराव्यादाखल मूल्य आणि तिच्यातून उद्भवणारा पूर्वग्रह न्यायाधीशांनी तोलावेत, असे बंधन घातले. साहित्यशास्त्राच्या पहिल्या वर्गात सांगितला जाणारा कवी आणि निवेदक यांतील भेद विधिमंडळाला शिकवावा लागला.

तालाच्या बाबतीत कायद्याचे वाचन नेमके उलटे आहे. १९९१ मध्ये बिझ मार्की याने गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या गीताचा अंश विनापरवाना वापरला, तेव्हा न्यायाधीशांनी निकालपत्राचा आरंभच चोरी निषिद्ध मानणाऱ्या बायबलमधील आज्ञेने केला. चोरी म्हटली की मालक आला. आणि मालक म्हणजे ज्याच्या नावे रचना नोंदलेली आहे तो. ज्यावर असंख्य रॅपगीते उभी आहेत तो 'फंकी ड्रमर'मधील ढोलाचा तुकडा क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजविला. रचनाकार म्हणून तबकडीवर नाव होते जेम्स ब्राउन यांचे.