सलग हिरवा पट्टा, पण पाणी कुणाचं?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, शहरी शेतीवर सिनॉप्सिस लिहायचाय, कुठून सुरुवात करू?" म्हटलं, आंद्रे विल्योन यांनी संपादित केलेलं 'कंटिन्युअस प्रॉडक्टिव्ह अर्बन लँडस्केप्स' (२००५) वाच. पण मान डोलावत नको, भांडत वाच.

पुस्तकाची कल्पना मोहात पाडणारी आहे. शहरातल्या सुट्या मोकळ्या जागा जोडून एक सलग पट्टा करायचा. त्यात चालणं, सायकल, विसावा आणि भाजीपाला, सगळं एकत्र. म्हणजे बाग नुसती शोभेची राहत नाही. क्यूबाची प्रकरणं मला सगळ्यात भक्कम वाटली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे तेल आणि खतं आटली, तेव्हा शहरात पिकवणं ही गरजच झाली. तिथे डिझाइन गरजेच्या मागून आलं.

माझा आक्षेप 'सलग' या शब्दाला आहे. नकाशावर पट्टा दिसतो, पाणी दिसत नाही. मी निरवांगीचा. नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाची वाट बघत मोठा झालो, त्यामुळे हिरवा रंग दिसला की आधी विचारतो, पाळी कुणाची?

असा पट्टा मुंबईत आधी होताच की. लोकलच्या खिडकीतून दिसायचे, रुळांच्या कडेला पालक, मेथी, लाल माठ. रेल्वेने 'ग्रो मोअर फूड' योजनेत कर्मचाऱ्यांना कसायला दिलेल्या जागा. सलग होत्या, पिकवणाऱ्याही होत्या. पण तिथे नाल्याचं सांडपाणी भाजीला जातं, ही तक्रार वर्षानुवर्षं होती.

उलट तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराची गच्ची घ्या. प्रीती पाटील यांनी तिथे फुलवलेली बाग कशालाच जोडलेली नव्हती. पण स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथेच कुजायचा, त्याची माती व्हायची, त्या मातीत भाजी यायची. माझ्या मते सलगता हवी ती अशी, पदार्थाच्या फेऱ्यातली. जमिनीची नंतर बघू.

पुस्तकात अँजेला पॅक्स्टन यांचं अन्नाच्या प्रवासावर, म्हणजे फूड माइल्सवर प्रकरण आहे. ते वाचताना जरा टोचलं. आमच्याकडे रात्री टेम्पो भरला की पहाटे मार्केट यार्ड. कागदावर ते 'माइल्स' असतात, घरी त्यावर वर्षाचा खर्च चालतो. शहराने स्वतःची मेथी पिकवली तर गावाचं काय, हा प्रश्न तुमच्या प्रस्तावात यायलाच हवा. (गाइड विचारणार नाहीत, तरीही.)

विल्योन आणि कात्रिन बोन यांच्या २०१४च्या 'सेकंड नेचर अर्बन अ‍ॅग्रिकल्चर'मध्ये शहराच्या क्षमतेची यादी करा, असा मुद्दा येतो. मी तर म्हणेन, तिथूनच सुरू करा, पट्टा मागाहून आखा.

ज्युनिअर आता पुण्यातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर बादल्या मोजतोय. वाफ्यांना रोज किती पाणी लागतं आणि टँकर आला नाही तर ते कुठून येतं, एवढंच लिहून ठेवतोय.