चार हातांची सरस्वती

युरोपातल्या अकादमिक चित्रकारांनी काव्य-संगीताच्या ग्रीक देवता हौसेने रंगवल्या. देवता झाली तरी तिला हात दोनच, त्यामुळे समोर मॉडेल बसवलं की काम भागायचं. राजा रविवर्म्याने १८९६ साली तेच तैलरंगाचं तंत्र घेऊन सरस्वती रंगवली, तेव्हा त्याच्यापुढे चार हात होते. हाडामांसाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या शैलीत वरचे दोन हात बसवायचे कुठे?

आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता. दसऱ्याला पाटीपूजन असतं. भाईंदरच्या चाळीत काय आणि मीरा रोडच्या टॉवरात काय, पाटीवर एकाचे आकडे रचून सरस्वती काढली की झालं. ती खूण आहे, तिला वजन नाही. रविवर्म्याने तिला वजन दिलं. खडकावर ती टेकून बसली आहे, आणि पांढऱ्या जरीकाठी साडीच्या चुण्या अंगाच्या वळणाने पडतात.

आता हात बघा. पुढचे दोन वीणेवर, भर उजेडात. मागच्या दोन हातांत जपमाळ आणि पोथी. पण ते नेमके कुठून फुटतात, हे चित्रकार आपल्याला दिसू देत नाही. मोकळे केस, पदर आणि पुढचे दंड यांच्या आडोशाला तो सांधा त्याने बेमालूम लपवला आहे. नजर आधी वीणेवर जाते, वाजवणारी बाई पटते, आणि मग उरलेले दोन हात आपण विनातक्रार मान्य करतो. खोट काढायचीच तर मागच्या हातांत काढावी: वीणेवरची बोटं वाजवतात, ते हात मात्र वस्तू नुसते धरून आहेत.

‘ही देवी कसली, घरंदाज बाईच’ हा आक्षेप जुना आहे. मला तो अर्धाच पटतो. बोटं तारांवर आहेत, पण चेहऱ्यावर तल्लीनतेची एकही रेघ नाही. माणूस वाजवताना स्वतःचं ऐकत असतो. हिला त्याची गरज नाही. देवपण आहे ते या अलिप्तपणात.

आपल्या घरांत पोचली ती छापील सरस्वती. रविवर्म्याचा छापखाना १८९४ला गिरगावात निघाला, १८९९ला लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. छपाई शिळेवरची: दर रंगाला वेगळा दगड, छापावर छाप. त्यात पातळ रंगांचे थर दाटून येतात आणि त्वचेखालची ऊब हरवते. मूळ चित्र बडोद्याच्या फतेहसिंह संग्रहालयात आहे. बोरिवलीहून थेट गाड्या आहेत. तसबिरीवर समाधान मानणाऱ्याने एकदा जाऊन यावं, आणि तिथे सर्वांत आधी मागच्या हातांचा सांधा शोधावा.