शिखराऐवजी चेहरा

कॅनडाच्या रॉकी पर्वतरांगांत वसलेल्या बांफ गावात १९७६पासून पर्वत-चित्रपट महोत्सव भरतो. तो संपला की त्यातले निवडक चित्रपट जगाच्या दौऱ्यावर निघतात आणि बर्फ कधी न पाहिलेल्या माणसांपर्यंतही पोचतात. २०११ साली या महोत्सवाचा सर्वोच्च मान मिळाला तो ‘कोल्ड’ या एकोणीस मिनिटांच्या लघुपटाला.

विषय विक्रमाचा आहे. पाकिस्तानात आठ हजार मीटरांहून उंच अशी पाच शिखरं आहेत. अनेक मोहिमा होऊनही त्यांपैकी एकावरही हिवाळ्यात कुणाला पाय ठेवता आला नव्हता. २ फेब्रुवारी २०११ रोजी इटलीचा सिमोने मोरो, कझाकस्तानचा डेनिस उरुब्को आणि अमेरिकेचा कोरी रिचर्ड्स यांनी ८,०३५ मीटर उंचीच्या गाशरब्रुम-२चा माथा गाठला. अशा गोष्टीचा कळस माथ्यावरच असणार, असं आपण धरून चालतो. इथे मात्र माथ्यावरचे क्षण थोडक्यात आटोपतात.

कॅमेरा रिचर्ड्सच्याच हातात आहे. चित्रण करणारा स्वतःच दोराला बांधलेला, गारठलेला, धापा टाकणारा. म्हणून दृश्यं हलतात, अर्धवट तुटतात. दिग्दर्शक अँसन फोगल यांनी हे ओबडधोबड चित्रण घासूनपुसून चकचकीत केलं नाही, हा त्यांच्या संकलनाचा मोठा गुण. विस्तीर्ण पर्वतदृश्यांपेक्षा इथे जवळून दिसणारे चेहरे लक्षात राहतात: दाढीत गोठलेला श्वास, तंबूतल्या अपुऱ्या उजेडात ताणलेले डोळे. सोबत रिचर्ड्सचं निवेदन आहे, तेही पराक्रमाचं नाही. मी इथे का आलो, असं तो स्वतःला विचारत राहतो. थंडी पडद्यावर दाखवता येत नाही. ती या तुटक स्वगतातून अंगात शिरते.

उतरताना हिमप्रपात तिघांनाही लोटून नेतो. तिघंही वाचतात. आणि मग रिचर्ड्स कॅमेरा स्वतःकडे वळवतो. बर्फाने माखलेला, रडणारा चेहरा. चित्रपटाचा कळस हा आहे. त्याच सुमारास त्याने टिपलेलं स्वतःचं छायाचित्र पुढे ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या १२५व्या वर्षाच्या अंकाचं मुखपृष्ठ झालं. तरी ते रडणं पडद्यावर, आवाजासकट, शेकडो अनोळखी माणसांसोबत पाहण्याचा परिणाम वेगळाच. अशा चित्रपटाला घरातला एकांत पुरत नाही. सगळं सभागृह एकदम श्वास रोखतं, तेव्हा एका माणसाची भीती सगळ्यांची होते. फिरता महोत्सव नेमकं हेच घडवून आणतो.

पर्वतांच्या संस्कृतीत धाडसाला मान आहेच. पण विक्रमवीराने आपली भीती उघड्यावर मांडावी आणि पर्वतवेड्यांच्याच महोत्सवाने तिला डोक्यावर घ्यावं, यात त्या संस्कृतीचं प्रौढपण दिसतं. किती उंच गेलात, याइतकंच तिथून कोण होऊन उतरलात, हेही तिला महत्त्वाचं वाटतं.