सटवाईच्या गोष्टीला ईडिपसचं नाव

बाळाच्या पाचवीला आमच्याकडे दारव्ह्यात आजही पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. हे खरं का, असं तिथं कुणी विचारत नाही. संशोधनात मात्र आपण पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि मनोविश्लेषण वाचताना तिथंच अडतो.

फ्रॉइडही अडला होता. रुग्ण सांगतात ते बालपणीचे अत्याचार प्रत्यक्ष घडलेलेच, असं तो आधी मानायचा. २१ सप्टेंबर १८९७ च्या पत्रात त्यानं मित्र फ्लीस याला कळवलं, की आता तसं वाटत नाही. घडलेलं आणि कल्पिलेलं वेगळं ओळखायची खूण अबोध मनात नसते.

मग तथ्यांची गरजच नाही का? आहे, फक्त वेगळ्या तथ्यांची. १९१० मध्ये फ्रॉइडनं लिओनार्दोच्या बालपणीच्या एका आठवणीवर पुस्तक लिहिलं. मूळ आठवणीत घार होती, जर्मन भाषांतरात तिचं गिधाड झालं. फ्रॉइडनं त्या गिधाडाचा संबंध इजिप्तच्या मातृदेवतेशी जोडला. आठवण कल्पित असती तरी चाललं असतं. पक्षी चुकला, ते चाललं नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. इरावती कर्वे यांनी १९५० मध्ये 'मॅन' या नियतकालिकात ईडिपस कथेचं एक मराठी रूप छापलं. सटवाईच्या मुलीला आईकडून कळतं, की आपलं लग्न आपल्याच मुलाशी होणार. ती रानात जाते. तरी मूल होतंच. ती ते टाकून देते, दुसरं कुणी वाढवतं, आणि पुढे नकळत लग्न त्याच्याशीच होतं. कळल्यावर ती गप्प राहते, संसार करते. ए. के. रामानुजन यांना मिळालेल्या अशाच कन्नड कथेत आई गळफास घेते. बापाचा खून दोन्हीकडे नाही, आणि गोष्ट चालते बाईच्या बाजूनं. रामानुजन यांचं मोठेपण हे, की त्यांनी हा फरक ठळकपणे मांडला.

माझा आक्षेप नावाला आहे. 'ईडिपस' म्हटलं की मुलगा नायक होतो आणि सटवाईचं लेखन कोपऱ्यात जातं. दुसरा आक्षेप जुना, पॉपरचा: हा सिद्धांत खोटा कशानं ठरेल? आईनं फास घेतला तर अपराधभाव, सुखानं नांदली तर इच्छापूर्ती. दोन्ही शेवट बसत असतील, तर शेवटानं सिद्ध काय केलं?

मी स्वतः पहिल्या आराखड्यात मराठी कथेला कन्नड शेवट जोडून दिला होता. मूळ लेख न बघताच! अर्थ मात्र झकास लावला होता. चूक सापडल्यावर जास्त भीती याची वाटली, की शेवट बदलूनही माझं एक वाक्यसुद्धा बदलावं लागलं नाही.

म्हणून मिथकावर काम करणार असाल तर कथा कुणी सांगितली, कोणत्या भाषेत, शेवट काय, हे आधी नोंदवा. मग आपला अर्थ कोणत्या शेवटानं पडेल, तेही लिहा. गोष्ट खोटी चालते. गोष्टीबद्दलची माहिती खोटी चालत नाही.