मराठी संकेतस्थळांवरील अक्षररचना : प्रचलित प्रवाहांची एक चिकित्सा

छापील पृष्ठावर एकदा उमटलेले अक्षर सर्व वाचकांसाठी सारखेच असते. संकेतस्थळावर मात्र रचनाकार केवळ सूचना लिहून ठेवतो आणि अक्षर प्रत्यक्ष उमटते ते वाचकाच्या यंत्रावर. मराठी अक्षराचे या प्रवासात काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सन २००० च्या सुमारास मराठी मजकूर वाचण्यासाठी अनेकदा त्या त्या संकेतस्थळाचा फाँट उतरवून घ्यावा लागे; तो नसल्यास रोमन चिन्हांची निरर्थक रांग दिसे. र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' हा फाँट विंडोज २००० सोबत आला, युनिकोडचा प्रसार झाला आणि २०१० मध्ये सुरू झालेल्या गूगल फाँट्समधून पुढे देवनागरी अक्षरसंच विनामूल्य मिळू लागले. मराठी दिसेल की नाही, हा प्रश्न मागे पडला. ती कशी दिसेल, हा प्रश्न मात्र पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही.

आज लोकप्रिय असलेले अक्षररचनेचे संकेत प्रामुख्याने रोमन लिपीच्या स्वभावातून आलेले आहेत. शीर्षकातील अक्षरे ऐसपैस, सुटी सुटी मांडण्याची पद्धत हे त्याचे ठळक उदाहरण होय. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ती शोभते. देवनागरीत तिच्यामुळे शिरोरेषाच तुटते व शब्दाचे एकसंध रूप नाहीसे होते. शिरोरेषा हा अलंकार नव्हे. शब्द कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे वाचकाचा डोळा तिच्यावरूनच ओळखतो. ओळींमधील अंतराचेही तसेच आहे. रोमन मजकुराला पुरेसे वाटणारे अंतर मराठीला तोकडे पडते, कारण येथे वर मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व ऋकार असतात. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. तिरपा ठसा ही तर उसनी सवय आहे. फाँटात तिरपी रूपे नसतील तर यंत्र सरळ अक्षरेच ओढून वाकडी करते.

दुसरा प्रवाह एकसारख्या जाडीच्या रेषांचा आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'पॉपिन्स' हा फाँट त्याचा परिचित नमुना. त्यात रोमन व देवनागरी अक्षरे एकाच भौमितिक शिस्तीत बसविली आहेत. द्विभाषिक शीर्षकात हा मेळ निश्चितच देखणा दिसतो. परंतु बोरूच्या तिरक्या टोकातून आलेला जाड-बारीकपणा हा देवनागरीच्या वाचनाचा आधार आहे. दीर्घ लेखासाठी असा फाँट योजणे ही फाँटाची नव्हे, निवडणाऱ्याची चूक म्हणावी लागेल.

याहून गंभीर प्रश्न अस्सल मराठी वळणाचा आहे. अ, झ, ण यांची मुंबई वळणाची रूपे प्रमाण हिंदीनेही स्वीकारली. ल आणि श यांच्या बाबतीत तसे झाले नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे मराठीसाठी निश्चित केली. २०२२ मध्ये हा निर्णय सुधारित स्वरूपात पुन्हा काढण्यात आला. तरीही पडद्यावर दंडयुक्त ल सर्रास दिसतो. युनिकोडमध्ये दोन्ही रूपांचा संकेतांक एकच असल्याने कोणते रूप दाखवायचे, हे फाँट व पृष्ठाची भाषा यांवर ठरते. अनेक फाँटांत मराठी रूपे अंतर्भूत असतात, पण पृष्ठाच्या आज्ञावलीत भाषा मराठी असल्याचे 'एमआर' या दोन अक्षरांनी नोंदविले, तरच ती प्रकट होतात. इंग्रजी साच्यावर उभारलेल्या पृष्ठात भाषा 'इंग्रजी' अशीच राहून जाते आणि फाँटकर्त्याचे श्रम वाया जातात. 'टिरो देवनागरी मराठी' या फाँटात ही रूपे मुळातच दिलेली आहेत. तेथे या नोंदीवाचून अडत नाही. मात्र ही वाट एका फाँटापुरतीच आहे.

हे केवळ सौंदर्याचे किंवा अस्मितेचे प्रकरण नाही. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील गुरू व स्वयंपाकी हा भेद रफाराच्या एका आकारावर उभा आहे. मराठीत वळण हे अर्थाचेही वाहक असते. शिवाय भाषेची ती नोंद केवळ डोळस वाचकापुरती नाही. अंध विद्यार्थी ज्या वाचक-प्रणालीच्या साह्याने पृष्ठ ऐकतात, तीही उच्चाराची भाषा त्याच नोंदीवरून निवडते. महाविद्यालयाची प्रवेशसूचना मराठीत लिहिलेली असूनही पृष्ठ स्वतःला इंग्रजी म्हणवीत असेल, तर ती या विद्यार्थ्यापर्यंत विकृत उच्चारांत पोहोचते किंवा पोहोचतच नाही.